पातळ पुस्तक पुरवून कसं वाचावं

पहिलं पुस्तक मी धरणगाव यायच्या आत संपवलं होतं आणि त्या दिवशी मला चक्क लुबाडल्यासारखं वाटलं.

झालं असं. फेब्रुवारी २०२४मध्ये आमच्या अमळनेरला ९७वं साहित्य संमेलन भरलं. इथलं याआधीचं १९५२चं, म्हणजे थेट ७२ वर्षांनी. अख्खं गाव प्रताप कॉलेजकडे लोटलेलं. मी काही साहित्यिक माणूस नाही. जळगावच्या एमआयडीसीत एका डाळ मिलवर हिशेब लिहितो, रोज अपडाउन करतो. पण गावात लग्न आणि आपण घरी, असं कसं चालेल? गेलो. मोठ्या प्रकाशकांच्या गाळ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. पार कडेला, पंख्याचा वारा पोचत नव्हता अशा कोपऱ्यात, एक पोरगा टेबलावर सात-आठच पुस्तकं मांडून बसला होता. त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हतं. कीव आली म्हणून दोन उचलली, एक कवितांचं आणि एक छोट्या गोष्टींचं. कवितांचं ६४ पानांचं, १२० रुपयांना.

सोमवारी सकाळच्या पॅसेंजरला ते कवितांचं उघडलं. एका पानावर तीन ओळी, दुसऱ्यावर पाच, एका पानावर तर मोजून सात शब्द. बाकी पान कोरं. मुनीमाची खोड जात नाही. मी शब्द मोजले. एक्केचाळीस कविता, सगळे मिळून हजारभर शब्द. रुपयाला आठ शब्द पडले! त्या पैशात महिनाभराची वर्तमानपत्रं अर्धीअधिक भागली असती आणि वर रद्दीचे पैसेही सुटले असते.

संध्याकाळी परतताना मोबाइल मेलेला, पिशवीत डबा आणि तेच पुस्तक. समोरच्या बाकड्यावर टॉवेल पसरून पत्त्यांचा डाव रंगलेला, मला पत्ते येत नाहीत. म्हणून परत तेच उघडलं. पाळधी गेल्यावर एका तीन ओळींच्या कवितेवर जो अडकलो तो धरणगाव येईस्तोवर पान उलटलंच नाही. सकाळी तीच कविता मी चार सेकंदांत ‘वाचली’ होती. चूक पुस्तकाची नव्हती, माझ्या वेगाची होती.

त्यानंतर अशी तीसेक पुस्तकं पुरवून पुरवून वाचली. कशी, ते सांगतो.

ओळखायचं कसं

पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठ नंतर, आधी हक्कांचं पान बघा. प्रकाशकाचा पत्ता कुठल्या तरी गल्लीतल्या घराचा आहे, फोन मोबाइलचा आहे, अक्षरजुळणी आणि प्रकाशन एकाच आडनावाचं आहे, तर समजा की हे एका माणसाचं किंवा एका घराचं काम आहे. त्यात कमीपणा काही नाही. उलट मराठीत चांगल्या कवितेचा बराचसा संसार असाच उभा राहिला. १९५०च्या दशकात मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे यांच्या टोळीने ‘शब्द’ काढलं आणि तिथून लघुअनियतकालिकांची रांग लागली. नावच बघा, लघु आणि अनियत. पैसे जमले की अंक निघायचा. तापीपलीकडच्या सांगवीचे भालचंद्र नेमाडेही त्याच गोतावळ्यातले. ‘वाचा’ त्यांनी काढलेलं. कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह १९७७मध्ये आला तो अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाकडून, म्हणजे पुन्हा एका माणसाच्या हट्टातून. आणि आमच्या अमळनेरपुरतं बोलायचं तर साने गुरुजी इथे शिक्षक असताना छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे. एक प्रत, एक संपादक. याहून लहान प्रकाशन मला माहीत नाही.

आता सावधगिरी. पातळ आहे, लहान प्रकाशकाचं आहे, म्हणून चांगलंच असेल असं नाही. आमच्या धंद्यात डाळीला तेल-पाण्याचा हात मारून चकाकी देतात, त्याला पॉलिश म्हणतात. गिऱ्हाईक चकाकीला भुलतं. पुस्तकालाही पॉलिश असतं. आधी प्रस्तावना, मग मनोगत, मग ऋणनिर्देश, मग दोन मान्यवरांच्या शुभेच्छा, आणि कविता सुरू होते एकविसाव्या पानावर. अशा वेळी मी शुभेच्छा वाचत नाही, पुस्तक मधोमध उघडतो. तिथली एक कविता उभ्याउभ्या वाचतो. घ्यायचं की ठेवायचं, ते तिथेच ठरतं.

कोऱ्या जागेचीही दोन घराणी आहेत. एक जागा कवितेने मागितलेली असते, दुसरी पानं वाढवून किंमत चढवायला सोडलेली असते. ओळखायला सोपं: ओळी मनातल्या मनात एकाखाली एक सरळ जोडून गद्यासारख्या वाचा. काहीच बिघडलं नाही, तर ती जागा रद्दीतली.

मागवायचं कसं

दुकानात ही पुस्तकं फारशी मिळत नाहीत. आमच्याकडच्या वाचनालयांत असतात, पण मागच्या मांडणीत, कारण कणा इतका बारीक की त्यावर नावच मावत नाही. ग्रंथपालाला विचारा, पातळ कवितासंग्रह कुठे ठेवलेत म्हणून. तो आधी तुमच्याकडे बघेल, मग खुर्चीवरून उठेल.

विकत घ्यायचं तर हक्कांच्या पानावरच्या नंबरवर सरळ मेसेज करायचा. पुस्तकाचं नाव, आपला पूर्ण पत्ता, पिनकोड. पैसे यूपीआयने पाठवायचे, टपालखर्च न सांगता जोडायचा. दोन गोष्टी मात्र विचारू नका. पहिली, ‘काही कमी होईल का?’ आपण खान्देशी माणसं वांग्यांपासून ट्रॅक्टरपर्यंत घासाघीस करतो, पण तीनशे प्रती काढणाऱ्या माणसाकडे कमी करायला काही उरलेलं नसतं. दुसरी, ‘पीडीएफ आहे का?’ ही तर विचारूच नका.

पुस्तक येतं ते बहुधा हाताने लिहिलेल्या पत्त्याचं. एकदा मला पाकिटात पुस्तकासोबत चिठ्ठी आली होती: ‘पान ३८वर एक वेलांटी राहिली आहे, कृपया पेनाने करून घ्यावी.’ मी केली. त्या पानाशी आता माझं वेगळंच नातं आहे.

कवितासंग्रह काढायची स्वतःला हौस असेल तर एक कटू गोष्टही ऐकून ठेवा. आमच्या गल्लीतल्या एका मास्तरांनी एका प्रकाशकाला पदरचे पस्तीस हजार दिले. नाव कशाला घ्या. वितरण आम्ही करू, असं ठरलेलं. सहा महिन्यांनी सगळ्या प्रती टेम्पोने मास्तरांच्या दारात आल्या. अजून दिवाणाखाली आहेत. लहान प्रकाशक म्हणजे साधा माणूस असंच समजून चालू नका.

वाचायचं कसं

एका स्टेशनापासून पुढच्या स्टेशनापर्यंत एक कविता. यापेक्षा जास्त नाही. तुमची गाडी नसेल तर कुकरच्या शिट्ट्या धरा, पंपावर मोटर चालू करून बसला असाल तर एक वाफा भरेपर्यंत एक.

पहिल्यांदा नुसतं वाचायचं, समजून घ्यायला जायचं नाही. दुसऱ्यांदा मी माझा रेल्वेचा पास पानावर ठेवून शेवटची ओळ झाकतो आणि ती काय असावी ते मनात म्हणतो. माझीच ओळ निघाली तर एकतर मी हुशार किंवा कविता ढिली. बहुतेक वेळा दोन्ही नसतं. खाली जे निघतं ते मला सुचलं नसतं. तिसऱ्यांदा ओठ हलवून. डब्यात कोणी हसत नाही, त्यांना वाटतं हा जप करतोय. चौथ्यांदा पेन्सिलीने पानाच्या खाली तारीख आणि स्टेशन लिहायचं, बस. अर्थ लिहायचा नाही. सहा महिन्यांनी त्याच पानावर ‘धरणगाव, १२ जून’ दिसलं की तेव्हाचा उकाडासुद्धा आठवतो, आणि कविता तेव्हा कळली होती त्याहून वेगळी कळते.

(धरणगाव म्हणजे बालकवींचं गाव. जन्म तिथला, आणि शेवट जळगावच्या पुढच्या भादली स्टेशनावर, १९१८ साली, रेल्वेखाली. बालकवी काही कमी शब्दांचे कवी नव्हेत, पण या लोहमार्गावर कविता वाचताना ते आठवतातच.)

आणि एक. कोणाला तरी वाचून दाखवा. माझ्या शेजारी बसणारे कापूसवाले भाऊ एकदा म्हणाले, “काय वाची ऱ्हायनात भाऊ?” मी चार ओळी वाचल्या. ते थांबून राहिले, मग म्हणाले, “इतलंच?” ‘इतलंच?’ दोन तऱ्हांनी म्हणता येतं. एकात पैसे वाया गेल्याचा सूर असतो, दुसऱ्यात आणखी हवं असल्याचा. त्यांचा दुसरा होता. समीक्षा म्हणून मला तेवढी पुरते.

एक कविता जवळून

दुसऱ्याची कविता विचारल्याशिवाय इथे उतरवणं बरं नाही, म्हणून माझीच घेतो. मिलवर एक म्हातारा हमाल होता, गेल्या पावसाळ्यात गेला. त्याचा पोती ओढायचा आकडा गोदामातल्या खिळ्याला तसाच लटकलेला. त्यावर मी अकरा ओळी लिहिल्या. ‘घामाचे मोती’, ‘कष्टाची गाथा’, ‘पाठीवर आभाळ’ असं सगळं सामान भरलं होतं. वाचून मलाच लाज वाटली.

मग हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर एकेक ओळ खोडत गेलो. १०० किलो तुरीतून डाळ निघते ७०-७५ किलो. बाकी टरफल, चुनी, भुसा. माझ्या तुरीत घट फारच आली. उरलं ते एवढं:

खिळ्याला आकडा.
पोरं पोती
हातानं ओढतात.

म्हातारा कुठे आहे? नाही. गेला, असंही म्हटलेलं नाही. पण आकडा असताना पोरं हातानं का ओढतात, हे वाचणाऱ्याने विचारावं, आणि उत्तर त्यानेच शोधावं. मला वाटायचं, पोरं आदराने हात लावत नाहीत. ‘आदर’ हा शब्द लिहिला असता तर वाचणाऱ्याला काही कामच उरलं नसतं. ‘पोरं’ऐवजी ‘हमाल’ लिहून पाहिलं. अर्थ बरोबर, पण वय गेलं. ‘पोरं’ म्हटलं की मागे कोणीतरी म्हातारा आपोआप उभा राहतो.

घरी बायकोला दाखवली. ती म्हणाली, “कोणाचा आकडा लागला?” तिला मटका वाटला. आधी राग आला, मग लक्षात आलं की मी मुनीम, माझा आकडाही रोज खिळ्याला लागतो. टेबलामागच्या तारेत बिलं टोचलेली असतात. हे मी लिहिताना ठरवलं नव्हतं. एवढ्या कमी शब्दांत एक शब्द तीन घरचं पाणी भरतो, अकरा ओळींच्या गर्दीत त्याला कोणी ओळखलंही नसतं.

हायकूबद्दल लोक विचारतात. शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवला, तेव्हापासून तीन ओळी दिसल्या की हायकू म्हणायची पद्धत पडली. जपानीतले ५-७-५ मोजून मराठीत अक्षरं बसवणारे पुष्कळ भेटतात. बसवा की, पण आकडेमोड माझा धंदा आहे म्हणून सांगतो, बेरीज जुळली म्हणजे ताळेबंद खरा असतोच असं नाही.

छोट्या गोष्टी

गोष्टींचं वेगळं आहे. इथे सगळ्यात मोठा धोका म्हणजे शेवटचा झटका. मोबाइलवर ‘अलक’ म्हणजे अति लघु कथा म्हणून फिरतात त्यातल्या निम्म्या अशा: आजोबा रोज बागेतल्या बाकावर आजीशी बोलतात, शेवटच्या ओळीत कळतं की आजी फोटोत आहे. पहिल्यांदा डोळ्यांत पाणी येतं, हे कबूल. पण तीच गोष्ट दुसऱ्यांदा वाचा. विनोद दुसऱ्यांदा ऐकल्यासारखं होतं.

हीच माझी परीक्षा. छोटी गोष्ट दोनदा वाचायची आणि दुसऱ्यांदा शेवट माहीत असूनही काही उरतंय का ते बघायचं. त्याच कोपऱ्यातल्या टेबलावरून घेतलेल्या दुसऱ्या पुस्तकात दीड पानाची एक गोष्ट आहे. कापूस देऊन आलेला बाप रात्री ओट्यावर नोटा मोजतोय, लाइट गेलेली, पोरगी टॉर्च धरून उभी. तो तीनदा मोजतो. तिसऱ्या वेळी पोरगी टॉर्च बंद करते. संपलं.

त्यात कापसाचा भाव नाही, कर्ज हा शब्द नाही. टॉर्च का बंद केली? सेल वाचवायला? की बापाचा चेहरा दिसू नये म्हणून? की आता कितीही मोजलं तरी तेवढेच राहणार, हे तिला बापाआधी कळलं? मी वर्षभरात चौथ्यांदा वाचली आणि दर वेळी टॉर्च वेगळ्या कारणाने विझली. आमच्याकडे कापूस घरात येतो तेव्हा घरातली पोरं गप्प कशी होतात, हे ज्याने पाहिलंय त्याला ती गोष्ट दीड पानाची वाटणारच नाही.

आणि छोटी गोष्ट हे मोबाइलचं खूळ आहे असं कोणी म्हणालं तर त्याला सांगा, तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या केशिराजबासांनी चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टान्त एकत्र केले, त्यातले कितीतरी चार-पाच वाक्यांत आटोपतात. अलीकडचं हवं तर उर्दू कथाकार सआदत हसन मंटो. फाळणीवर त्याने १९४८मध्ये लिहिलेल्या काही गोष्टी दोन-तीन ओळींच्या आहेत. दंगलीबद्दल तेवढ्याच ओळी लिहायला किती दम लागत असेल!

स्वतः काढायचं असेल तर

पस्तीस हजार नकोत. ए-फोरचे चार कागद मधून दुमडले की १६ पानांची पुस्तिका होते. दोन्ही बाजूंनी झेरॉक्स, मधोमध दोन पिना. भानगड फक्त पानांच्या क्रमाची. मी पहिल्यांदा १, २, ३, ४ असं सरळ लावलं आणि चाळीस कागद वाया घालवले. पुस्तिका उघडली तर पान ५नंतर पान १२. मग कागद दुमडून, पेन्सिलीने आकडे टाकून पाहिलं तेव्हा किल्ली सापडली: १६ पानांच्या पुस्तिकेत कागदाच्या एका बाजूला शेजारी शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज कायम १७. पहिल्या कागदावर एका बाजूला १६ आणि १, उलट बाजूला २ आणि १५. दुसऱ्यावर १४ आणि ३, मागे ४ आणि १३. असं पुढे. १२ पानांची असेल तर बेरीज १३. झेरॉक्सवाल्याला हे समजावत बसू नका, कागद स्वतः लावून न्या.

लांब दांड्याचा स्टेपलर नसेल तर साधा उघडा, खाली थर्मोकोलचा तुकडा ठेवा, दुमडीवर वरून दाबून पिन मारा, मग थर्मोकोल काढून पिनेची टोकं चमच्याच्या पाठीने वाकवा. घरच्या चमच्याने केलं तर घरात कळू देऊ नका.

मी पंचवीस प्रती काढल्या. किंमत टाकली नाही. वाटताना गोदामातल्या एका हमाल पोराला एक दिली, बारावीपर्यंत शिकलेला आहे. त्याने गोणपाटावर बसूनच वाचायला घेतली. आकड्याची कविता आली तसा थांबला. मला वाटलं, लागली.

“मुनीमभाऊ, हे पोती चुकलं ना.”

“का रे?”

“पोत्याला आकडा लावायचे, बारदानाचं असायचं तेव्हा. आता सगळे प्लॅस्टिकचे कट्टे. आकडा लावला तं फाटून जातो, डाळ सांडते, शेट आमच्या हजेरीतून कापतो. म्हणून हातानं ओढतो आम्ही.”

बारदान्याचा खर्च मीच वहीत लिहितो. प्लॅस्टिकचा रकाना मीच सुरू केला. आणि कवितेत आदर भरून बसलो होतो.

उरलेल्या प्रतींवर मी पेनाने एकच शब्द बदलला.

खिळ्याला आकडा.
पोरं कट्टे
हातानं ओढतात.